छोट्या घराच्या व्हरांड्याचे सहा खांब : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

बाहुलीघराच्या भिंती उभ्या झाल्या, मागचं छप्परही बसलं. आता समोरचा व्हरांडा. त्याला सहा लाकडी खांब, खांबांवर एक लांब तुळई आणि तुळईवर पुढचं उतरतं छप्पर. इथून पुढच्या नोंदी फक्त या खांबांच्या. समोरून बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी त्यांच्यावरच जाणार आहे.

प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच. बाहुलीघरांसाठी हेच प्रमाण सर्वात रुळलेलं आहे. वास्तुकार एडविन ल्यूटेन्सने ब्रिटनच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात केलेलं आणि आता विंडसर कॅसलमध्ये असलेलं घरही याच मापाचं. मला हे प्रमाण आवडतं ते एका कारणासाठी: यात खरे सांधे करता येतात. याहून लहान गेलं की कुसू (भोकात बसणारं खांबाचं बारीक टोक) काडीएवढं होतं आणि मग सगळं सरसावर सोडून द्यावं लागतं.

आणि सांधा खराच हवा. छोट्या घरांत बऱ्याचदा छप्पर भिंतीला चिकटवून टाकतात आणि खांब शेवटी खाली अडकवतात. मग खांबाच्या डोक्यावर केसाएवढी फट राहते, मागून उजेड पडला की ती चमकते आणि खांब नुसता शोभेचा आहे हे लगेच कळतं. माझ्या व्हरांड्याचं छप्पर खांबांनीच पेललं पाहिजे. खांब काढले तर छप्पर खाली यायला हवं. बाकीचे सगळे निर्णय यातूनच निघतील.

६ जानेवारी

मापं ठरवली. व्हरांड्याची लांबी ६०० मिमी, खोली १५० मिमी. दोन्ही टोकांचे खांब कडेपासून मध्यापर्यंत २० मिमी आत. उरलेल्या ५६० मिमीत पाच खण बसवायचे. सगळे सारखे केले तर प्रत्येकी ११२ मिमी येतात, पण मधल्या खणासमोर दार आहे आणि दारासमोरचा खण किंचित मोठा असला की घर आत बोलावल्यासारखं वाटतं. म्हणून मधला १२८ आणि बाकीचे चार १०८. खऱ्या मापात मधला खण साधारण दीड मीटर, बाजूचे १.३ मीटर.

खांबाची दिसणारी उंची २०० मिमी, म्हणजे खरी २.४ मीटर. खाली ३० मिमी चौकोनी भाग, वर २० मिमी चौकोनी भाग, मधले १५० मिमी गोल. चौकोन १८ मिमीचा. गोल भागाच्या तळाचा व्यास १५ मिमी.

या १५ वर बराच वेळ अडलो होतो. इटालियन वास्तुकार विन्योलाने १५६२ मध्ये खांबांच्या अभिजात शैलींसाठी मांडलेल्या प्रमाणांत टस्कन खांबाची उंची तळाच्या व्यासाच्या ७ पट, डोरिकची ८, आयोनिकची ९ आणि कोरिंथियनची १० पट आहे. पण ती दगडी बांधकामाची भाषा. त्या हिशेबाने माझा खांब २० ते २८ मिमी जाड झाला असता आणि एवढ्याशा व्हरांड्यात सहा जाडजूड खांबांनी दार झाकून टाकलं असतं. लाकडाचा खांब सडपातळ शोभतो, कारण खऱ्या घरात तो सडपातळ असूनही पुरतो. कागदाच्या नळ्या १३, १५ आणि १७ मिमीच्या करून जागेवर उभ्या केल्या आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन पाहिल्या. १३ मिमीच्या नळ्या तारेसारख्या दिसत होत्या, १७ च्या दाराला खात होत्या. १५ पक्कं.

विन्योलाकडून एक गोष्ट मात्र घेतली: खांब तळाच्या एक तृतीयांशापर्यंत सरळ ठेवायचा आणि तिथून वर हळूहळू निमुळता करत नेऊन माथ्याशी पाच षष्ठांश करायचा. १५ चे पाच षष्ठांश १२.५. म्हणजे गोल भागाचे पहिले ५० मिमी सरळ आणि पुढच्या १०० मिमीत अडीच मिमी कमी. आकडा किरकोळ वाटतो, पण निमुळता नसलेला खांब माथ्याकडे जाड झाल्याचा भास होतो.

१० जानेवारी

लाकूड हळदू घेतलं, काही जण त्याला हेद म्हणतात. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या दाण्याचं, कातायला फार चांगलं. आधी सागाचा विचार होता. रंग सुरेख, टिकाऊही, पण सागात वर्षवलयांच्या ओळींत मोठी छिद्रं असतात. खऱ्या खांबावर ती दिसतही नाहीत. १५ मिमीच्या खांबावर मात्र ती भेगांसारखी दिसतात. दाणा छोट्या मापाला साजेसा नसेल तर काम कितीही सफाईदार असो, लाकूड मोठ्या खांबाचा कापून आणलेला तुकडाच वाटतं. शिवाय सागात तेल असल्यामुळे चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसावा लागतो. बाल्साचा विचारही केला नाही, नखाने खड्डा पडतो.

फळीतून २० मिमी चौरस दांडे काढले, लांबी २४५. सहा खांबांना आठ दांडे. दोन जास्तीचे हवेतच, कारण आत लपलेली गाठ कातताना वर येते आणि त्या वेळी जुळणारं लाकूड शोधत बसावं लागू नये.

दांडे निवडताना एकच कसोटी: रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. बाजूला तिरकी सरकत जाणारी रेषा असलेला दांडा बाहेर. जाड लाकडात ती खपून जाते, पण १२ मिमीपर्यंत उतरलेल्या खांबात रेषा कडेला फुटून बाहेर आली की तिथूनच चीर सुटते.

२४ जानेवारी

दांडे खोलीतच आडव्या पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असे ठेवले होते. दर काही दिवसांनी काट्यावर वजन घेतलं. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड खोलीच्या हवेला सरावलं. यांपैकी एक दांडा मध्यात दोन मिमी वाकला. तो बाजूला. हे आत्ताच झालं ते बरं, खांब होऊन बसल्यावर वाकला असता तर तुळईसकट उचलावा लागला असता.

उरलेले रंध्याने १८ मिमी चौरस केले. गुण्या चारही कोनांना लावून पाहिला. हा भाग कंटाळवाणा, पण चौकोनी भाग शेवटपर्यंत तसाच राहणार आहे. दांडा काटकोनात नसेल तर खांब कातूनही तो तिरकाच दिसेल.

२५ जानेवारी

कातण्याआधी मापपट्टी केली. पातळ प्लायची एक पट्टी, तिच्यावर प्रत्येक बदलाची खूण: खालचं कुसू ८ मिमी, खालचा चौकोन ३०, गोल भाग १५०, वरचा चौकोन २०, वरचं कुसू ६. एकूण २१४, दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं. पट्टीच्या कडेला प्रत्येक खुणेपाशी छोटी खाच कोरली, म्हणजे पेन्सिलचं टोक नेमकं तिथेच बसतं. सगळे दांडे एकत्र आवळून एकाच वेळी आखले. प्रत्येक दांडा वेगळा मोजला तर अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच, आणि सहा खांबांच्या चौकोनांची वरची कड एका रेषेत नसेल तर ती नागमोडी दिसते.

मग चौकोन जिथे संपतो आणि गोल जिथे सुरू होतो, त्या रेषेवर चारही बाजूंनी धारदार सुरीने काप दिला. हा काप महत्त्वाचा. कातताना दांडा फिरतो तेव्हा हत्यार आधी फक्त चार कोपऱ्यांनाच लागतं, आणि काप नसेल तर त्या कोपऱ्यांचे टवके चौकोनाच्या आत उडतात.

२६ जानेवारी

पहिला खांब लेथवर.

दोन्ही टोकांचे मध्य कर्ण काढून घेतले, सुईने टोचले, मग चढवला. वेग सुरुवातीला कमी. सुरीच्या कापावर तिरक्या पटाशीचं लांब टोक खाली करून अगदी हलकं टेकवलं. टिक-टिक-टिक असा आवाज येतो, चार कोपरे एकामागून एक लागतात. प्रत्येक वेळी केसभर आत. कापाच्या गोल बाजूने तिरपा छेद देत गेलं की इंग्रजी व्हीसारखी खाच होते आणि चौकोनाच्या बाजूला एक चकचकीत, उभी भिंत उरते. मग आवाज बदलतो: टिक-टिक जाऊन सलग सरसर सुरू होते, म्हणजे आता चारही कोपरे संपून पूर्ण गोल लागला. हा क्षण कानाने ओळखायचा. त्यानंतरच गोल पटाशीने मधला भाग उतरवायचा. दोन्ही टोकांच्या भिंती आधी झाल्या की मधलं काम बिनधास्त करता येतं.

खरी अडचण पुढे आली. गोल भाग माथ्याकडे १३ मिमीच्या आसपास आला तसा खांब मध्यात थरथरायला लागला आणि लाकडावर आवर्त ओरखडे उमटले. याचं गणित सरळ आहे: व्यास कमी होतो तसं दांड्याचं मध्यात वाकणं त्याच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. १६ मिमीचा दांडा १२ वर आणला तर तेवढ्याच दाबाला तो तिप्पट वाकतो. हत्याराची धार कितीही चांगली असली तरी लाकूडच मागे सरकत असेल तर काप समान येणार नाही.

म्हणून मागून आधार केला. लाकडाचा एक ठोकळा, त्यात व्हीसारखी खाच, खाचेला मेण, आणि तो खांबाच्या पाठीमागे मध्यावर लेथच्या पाट्याला आवळला. खाच खांबाला नुसती स्पर्श करेल इतकीच पुढे. जास्त दाबली तर घर्षणाने लाकूड काळं पडतं. थरथर थांबली. निमुळता भाग लांब, सलग, एका दमाच्या कापाने काढला आणि पॉलिश पेपरला फारसं काम उरलं नाही.

व्यास चार ठिकाणी कॅलिपरने तपासला: तळ १५, एक तृतीयांशावर १५, मध्याच्या वर १४, माथ्याशी १२.५. शेवटी कुसवं, दोन्ही ६ मिमी व्यासाची. कुसवाचा खांदा मध्याकडे अगदी जरासा खोल केला. त्यामुळे खांब बाहेरच्या कडेवर टेकतो आणि बाहेरून फट दिसत नाही.

२ फेब्रुवारी

बाकीचे खांब कातून झाले. एकात गोल भागावर गाठ निघाली, तो गेला. आठातून सहा उरले, अगदी हवे तेवढेच.

लेथवरच घासले: २४०, ३२०, ४००. याच्याही मागे प्रमाणाचा हिशेब आहे. १२० नंबरच्या कागदाचा कण साधारण ०.१२५ मिमी. हे बारापट केलं तर खऱ्या खांबावर दीड मिमीचे चर. ४०० चा कण ०.०३५ मिमी, बारापट करूनही अर्ध्या मिमीच्या आत. म्हणून १२० ला हातच लावला नाही. आणि शेवटचं घासणं लेथ थांबवून, रेषांच्या दिशेने. फिरत्या खांबावर घासलं की आडव्या रेघा राहतात आणि पॉलिश लावलं की त्या ठळक होतात.

चौकोनी भाग काचेवर चिकटवलेल्या पेपरवर सपाट घासले. बोटाने घासलं असतं तर कडा गोल झाल्या असत्या. अर्धा मिमी गोलाई म्हणजे खऱ्या खांबावर ६ मिमी, झिजलेला खांब. मला नवं घर हवं आहे.

३ फेब्रुवारी

सहा खांब उजेडासमोर ओळीने उभे करून क्रम लावला. हाताने कातलेले खांब तंतोतंत एक होत नाहीत, आणि व्हायलाही नकोत. पण फरक कुठे बसवायचा ते आपल्या हातात असतं. नजर शेजारच्या दोघांची तुलना करते, पहिल्याची आणि सहाव्याची करत नाही. म्हणून सर्वात जवळचे दोघे दाराच्या दोन बाजूंना, त्यांच्याशी जुळणारे त्यांच्या बाहेर, आणि किंचित बारीक असलेले दोघे टोकांना. कुसवावर पेन्सिलने १ ते ६ लिहिलं, आणि पुढे यायच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूची रेषा सर्वात शांत आहे तिथे, एक टिंब.

८ फेब्रुवारी

भोकं. यात एकच युक्ती आहे आणि तीच सगळं तारते: खालची पट्टी आणि वरची तुळई यांना भोकं एकत्र पाडायची.

खांब थेट प्लायच्या जमिनीवर न टेकवता जमिनीच्या पुढच्या कडेला २० मिमी रुंद, १० मिमी जाड तळपट्टी येणार आहे, जमिनीशी समतल. वर तेवढीच रुंद आणि तेवढीच जाड तुळई. दोन्ही एकमेकींवर अचूक ठेवून आवळल्या, मध्ये कागदही नाही. मध्यरेषा आखली, खांबांचे मध्य टोचले, ड्रिल स्टँडवर आधी २ मिमीची आरपार वाट केली. मग दोन्ही वेगळ्या करून आपापल्या आतल्या बाजूने ६ मिमीची भोकं: तळपट्टीत ९ मिमी खोल, तुळईत ७. कुसवापेक्षा १ मिमी जास्त, म्हणजे तळाला साचलेला सरस खांबाला वर उचलणार नाही. आता वरचं आणि खालचं भोक एकाच उभ्या रेषेत आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. माप थोडं चुकलं असेल तरी वर-खाली सारखंच चुकलं असेल आणि खांब ओळंब्यातच उभा राहील.

तळपट्टीच्या खालच्या बाजूला दिसणारी २ मिमीची छिद्रं जमिनीखाली झाकली जातील. तुळईची छपराखाली.

९ फेब्रुवारी

तळपट्टी बसवण्याआधी जमिनीच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरली. मध्यात खालून उजेड दिसला. प्लाय मध्यात साधारण ०.४ मिमी खाली आहे.

इथे दोन रस्ते होते. पहिला, मधले दोन खांब तेवढे उंच ठेवायचे, टोकाचे तासायचे. सोपा रस्ता, आणि बरेच जण तोच घेतात. पण मग खालच्या चौकोनांच्या वरच्या कडा एका रेषेत राहत नाहीत, आणि सहा खांबांची ती रेष हीच तर या व्हरांड्याची शिस्त आहे. दुसरा रस्ता, खांबांना हात न लावता जमीन सरळ करायची. तळपट्टीखाली मध्यात कागदाच्या पातळ पट्ट्या सरसात भिजवून दिल्या, वर जाड सरळ लोखंडी पट्टी आवळून रात्रभर ठेवलं. सकाळी उजेड दिसला नाही.

पाया सरळ करायचा, खांब नाही. मोठ्या घरातही हेच करतात.

१५ फेब्रुवारी

कोरडी जुळणी. सरस न लावता सगळं उभं केलं.

सहाही कुसवं खाली सहज गेली. वर मात्र तुळई एकाच वेळी सहा कुसवांवर उतरवायची असते आणि ती आडून बसते. एका टोकाला दाबलं की दुसरं उचलतं. एका टोकाकडून सुरुवात करून, प्रत्येक खांब बोटाने किंचित हलवत, एक एक कुसू भोकाच्या तोंडाशी आणलं. सहाही तोंडाशी आली, मगच मधून बाहेर अशी हलकी थाप. भोकांच्या तोंडांना आधी थोडी उतरती कड दिली होती, तिचा फार उपयोग झाला. खांदे टेकले तेव्हा मागे दिवा ठेवून बघितलं. बाराही सांध्यांत उजेड नाही.

खणांसाठी ठोकळे केले: बाजूच्या खणांना ९० मिमी, मधल्याला ११०. (खणाच्या मापातून चौकोनाचे १८ वजा.) हे ठोकळे चौकोनी भागांच्या मध्ये तळाशी आणि माथ्याशी घट्ट बसले तर खांब सरळ उभा आहे. २०० मिमीत १ मिमी कललेला खांब म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी अंश, तरी शेजारी सरळ खांब असला की लांबूनही कळतं. म्हणून डोळ्यावर न सोडता ठोकळ्यांवर सोडलं.

१६ ते १८ फेब्रुवारी

लाखेचं पॉलिश, अगदी पातळ, स्पिरिटमध्ये. कुसवांना आणि खांद्यांना चिकटपट्टी लावून झाकलं, तिथे उघडं लाकूडच हवं, नाहीतर सरस धरत नाही. तीन पातळ हात, मध्ये ४०० ने नुसतं फिरवून. एक जाड हात देऊन वेळ वाचवता येतो, पण मग तो थर चौकोनाच्या खाचेत साचतो आणि तिरक्या पटाशीने एवढ्या निगुतीने काढलेली कड बुजते.

पॉलिश जोडण्याआधी करण्याचं दुसरं कारण: सांध्यातून बाहेर आलेला सरस पॉलिशवर धरत नाही, वाळल्यावर नखाने निघून येतो.

हळदूचा पिवळा रंग लाखेने मधाळ झाला.

२२ फेब्रुवारी

खालचे सांधे चिकटवले. नेहमीचा पांढरा सरस, पण कुसवाला आणि भोकाच्या भिंतीला, खांद्याला जवळजवळ नाहीच. लाकडाच्या आडव्या छेदावर सरस लावला तर उभ्या नळ्या तो शोषून घेतात आणि सांधा उपाशी राहतो. नुसता टोकाने चिकटवलेला खांब म्हणूनच एका धक्क्यात सुटतो. कुसवात मात्र उभी रेषा भोकाच्या भिंतीला भिडते, तिथे सरस खरा काम करतो. प्रत्येक कुसवाच्या एका बाजूला कानशीने सपाट पट्टा काढला होता, त्यातून हवा आणि जास्तीचा सरस बाहेर येतो.

तुळई वर कोरडीच बसवली, फक्त खांबांना जागेवर धरायला. ठोकळे दोन्हीकडे. मग एक सरळ पट्टी सहाही चौकोनांच्या पुढच्या बाजूला टेकवून हलकी आवळली. खांब ओळंब्यात असूनही स्वतःभोवती फिरलेला असू शकतो आणि चौकोनी भागावर ते लगेच दिसतं. तीन नंबरचा किंचित फिरला होता, सरस ओला होता तेवढ्यात वळवला. टिंबं सगळी समोर. दिवसभर हात लावायचा नाही.

२३ फेब्रुवारी

तुळई उचलली, वरच्या कुसवांना सरस, पुन्हा मधून बाहेर तशीच उतरवली. दोन्ही टोकांना आणि दाराच्या दोन बाजूंना तुळईपासून भिंतीपर्यंत आडव्या पट्ट्या बसवल्या, त्याही कुसवानेच.

या पट्ट्या वगळता येत नाहीत. खांब वरून येणारं वजन छान घेतो, पण ८ मिमीचं कुसू बाजूच्या धक्क्याला काय पुरणार? बाजूचा जोर भिंतीने घ्यायचा असतो आणि तो भिंतीपर्यंत नेणारी ही पट्टी. लावण्याआधी तुळई बोटाने पुढे-मागे हलत होती. आता ढकललं तर सगळं घर हलतं.

१ मार्च

पुढचं छप्पर ठेवलं. चिकटवलेलं नाही, मुद्दाम. त्याच्या फळ्यांची रुंदी तुळईपासून भिंतीकडे जाते, साधारण १५० मिमी. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. हवेतल्या फरकाने लाकडातला ओलावा चार टक्के हलला तर एवढ्या रुंदीत एक ते दीड मिमी सहज. दोन्हीकडे पक्कं केलं असतं तर फळी फाटली असती किंवा तुळईला आत ओढून खांब कलवले असते. म्हणून भिंतीकडे छप्पर एका खाचेत सरकतं आणि तुळईवर दोन लाकडी खिळ्यांवर बसतं. पाहिजे तेव्हा उचलता येतं, आत व्हरांड्यात हात घालता येतो.

खांबांवर वजन आलं. उजेडासमोर पुन्हा बाराही सांधे पाहिले, बंद आहेत. आता कठडा. त्याच्या पट्ट्या खांबाच्या खालच्या चौकोनात बसणार, गोल भागाला कुठेही टेकणार नाहीत. खाच ४ मिमी रुंद, ३ मिमी खोल, आणि मधला खण दारासाठी मोकळा.